सॉनी बिल विल्यम्स : एका खेळाडू-कामगाराची कारकीर्द



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून एका परदेशी खेळाडूची गोष्ट सांगावी, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आम्ही रग्बीचे पंडित नाही. कॉलेजात शिकलेलोही नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. परंतु वाचता वाचता असे आढळले, की रग्बी लीग या खेळाचा इतिहास म्हणजे मजुरीच्या भांडणाचा इतिहास आहे. आणि सामोआ बेटांचे रक्त अंगात असलेल्या सॉनी बिल विल्यम्स या खेळाडूच्या कारकीर्दीत करार, नोटीस, थकलेला पगार, जायबंदी शरीर आणि मालकाची खूण अंगावर बाळगण्याची सक्ती, हे आमच्या रोजच्या कामातले सगळे प्रश्न एकामागून एक येतात. म्हणून हा विषय घेतला.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडतात, तसे इथे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडतात. एका बाजूला तेरा गडी. पाडलेला गडी उठतो, चेंडू पायाने मागे सारतो आणि पुन्हा चढाई सुरू होते. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. ऐंशी मिनिटे शंभर-शंभर किलोची माणसे एकमेकांवर आदळत असतात. रग्बी युनियन नावाचा पंधरा गड्यांचा दुसरा खेळ आहे. दोन्हींचे मूळ एकच. ते वेगळे का झाले हे कळले, की पुढची गोष्ट सोपी होते.

इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायर आणि लँकेशायर परगण्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रग्बी खेळत ते खाणकामगार, गिरणीकामगार आणि गोदीकामगार. सामना शनिवारी, आणि शनिवारी अर्धा दिवस काम. दूरगावी खेळायला जायचे म्हणजे खाडा पडायचा आणि मजुरी बुडायची. यॉर्कशायरच्या क्लबांनी १८९३ साली मागणी केली, की खेळापायी बुडालेली मजुरी तरी खेळाडूला द्यावी. बक्षीस नको, पगार नको, फक्त खाड्याची भरपाई. रग्बी मंडळाच्या सभेत ही सूचना २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. पैसे घेऊन खेळणे सभ्य गृहस्थांना शोभत नाही, असे बहुमतवाल्यांचे म्हणणे. ज्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला वाडवडिलांचे उत्पन्न येते त्यांना हे म्हणणे सोपे असते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात एकवीस क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी निराळी संघटना काढली. तीच पुढे रग्बी लीग झाली. खेळाडूंची संख्या तेरा करणे वगैरे नियम मागाहून, १९०६ साली आले. फूट पडली ती खाड्यावरून.

सिडनीतही हेच घडले. तेथे १९०७ साली अ‍ॅलेक बर्डन नावाचा एक खेळाडू, धंद्याने न्हावी, खेळताना जायबंदी झाला. काम बंद पडले आणि भरपाई मिळेना. तो एक ठिणगी ठरला. १९०८ साली सिडनीत लीगचा पहिला हंगाम झाला.

आता सामोआकडे वळू. प्रशांत महासागरातली ही बेटे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ साली, न्यूझीलंडने ती जर्मनांकडून घेतली. १९१८ साली ऑकलंडहून तालूने नावाचे जहाज आले. त्यावर इन्फ्लुएंझाचे रोगी होते. जहाजाला दूर रोखून ठेवण्याची व्यवस्था केली गेली नाही, आणि बेटांवरची जवळजवळ पंचमांश वस्ती साथीत मेली. पुढे ‘माऊ’ नावाची स्वराज्याची निःशस्त्र चळवळ उभी राहिली. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपिया येथे तिच्या मिरवणुकीवर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि तुपुआ तामासेसे लेआलोफी हे पुढारी त्यात गेले. सामोआ स्वतंत्र झाला तो १९६२ साली.

ज्या देशाने राज्य केले त्याच देशाला महायुद्धानंतर मजूर हवे होते. ऑकलंडचे कारखाने वाढत होते. सामोआ, टोंगा आणि इतर बेटांवरून माणसे बोलावली गेली. कोकणातला माणूस जसा मुंबईच्या गिरणीत आला आणि महिन्याला मनीऑर्डर करू लागला, तसेच हे. सामोअन लोकांत कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुले एवढेच नव्हे. ‘आयगा’ म्हणजे सगळे गणगोत. गावी लग्न निघाले, मयत झाले, देवळाचे काम निघाले, की परगावच्या कमावत्याने हात सैल सोडायचा. कारखाने जोरात होते तोवर या पाहुण्यांच्या परवान्यांकडे कोणी फारसे पाहिले नाही. मंदी आली आणि १९७४ ते १९७६ या काळात पहाटेच्या धाडी सुरू झाल्या. पोलीस कुत्री घेऊन घरांत शिरत आणि झोपलेल्यांना उठवून कागद मागत. परवान्याची मुदत उलटून राहिलेले गोरे लोकही पुष्कळ होते. दार मात्र ठोठावले जाई ते बेटवाल्यांचे. न्यूझीलंडच्या सरकारने सामोआतील कारभाराबद्दल २००२ साली आणि या धाडींबद्दल २०२१ साली माफी मागितली.

या पार्श्वभूमीवर ३ ऑगस्ट १९८५ रोजी ऑकलंडमध्ये सॉनी बिल जन्मला. वडील सामोअन वंशाचे, आई गोऱ्या घराण्यातली. कष्टकऱ्यांचे घर. सिडनीच्या कँटरबरी बुलडॉग्ज या क्लबाच्या माणसांनी त्याला शाळकरी वयातच हेरले आणि वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास तो समुद्र ओलांडून सिडनीला गेला. २००४ साली, अठरा वर्षांचा असताना, पहिल्या संघात आला. त्याच वर्षी न्यूझीलंडकडून खेळला, आणि हंगामाच्या अखेरीस बुलडॉग्जने सिडनी रूस्टर्सचा १६-१३ असा पराभव करून विजेतेपद मिळवले, तेव्हा तो संघात होता. दोन-तीन गडी अंगाला लोंबकळत असताना एक हात मोकळा काढून चेंडू सोबत्याकडे देण्याची त्याची लकब पाहायला लोक मैदानावर गर्दी करीत.

परंतु या खेळात कमाईवर एक झाकण आहे. १९९० पासून ऑस्ट्रेलियातील लीगमध्ये पगारमर्यादा आहे. म्हणजे एका क्लबाने सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला अमुक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. हेतू असा, की श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले गडी विकत घेऊन बाकीच्यांना मोडीत काढू नये. हेतू वाईट नाही, हे आम्ही मान्य करतो. लहान क्लब टिकले तर चारशे-पाचशे खेळाडूंची चूल पेटते. परंतु ज्या मजुरीवर मर्यादा घालायची ती मजुरांना विचारून घातली पाहिजे. दूरचित्रवाणी कंपनीच्या नफ्यावर मर्यादा नाही, आणि ज्याच्या गुडघ्याची वाटी सरकली त्याच्या मजुरीवर मात्र आहे, हा हिशेब एकतर्फी होतो. शिवाय ही मर्यादा मालकमंडळीही कशी पाळतात ते पाहा. बुलडॉग्ज क्लबानेच ती चोरून मोडली म्हणून २००२ साली त्याचे ३७ गुण कापले गेले होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एके काळी तेथे करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. क्लबाने त्याचे नाव आपल्या यादीत ठेवले, की त्याला दुसरीकडे जाता येत नसे. बालमेन क्लबाच्या डेनिस टटी या खेळाडूने याविरुद्ध दावा लावला. १९६९ चा हंगाम तो घरी बसला. आणि नेमके त्याच वर्षी त्याच्या क्लबाने विजेतेपद मिळवले. इतरांनी पदके घेतली, त्याने वकिलाचे कागद. डिसेंबर १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने निकाल दिला, की असे बांधून ठेवणे म्हणजे माणसाच्या धंद्यावर अवाजवी निर्बंध आहे. करार संपल्यावर क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य आज शेकडो खेळाडू उपभोगतात, ते या माणसाने स्वतःचे एक वर्ष घालवून मिळवलेले आहे.

आता २००८ साल. सॉनी बिलने आदल्या वर्षी बुलडॉग्जशी पाच वर्षांचा करार केला होता. जुलै महिन्यात, हंगाम चालू असताना, क्लबाला न सांगता तो विमानात बसला आणि फ्रान्समधील तूलाँ येथे पोहोचला. तेथे रग्बी युनियन खेळायची होती आणि तेव्हा फ्रान्समध्ये पगारमर्यादा नव्हती. सिडनीत एकच ओरड झाली. पैशाचा लोभी, पळपुटा, अशी विशेषणे वर्तमानपत्रांनी लावली. क्लब कोर्टात गेला. अखेर सुमारे साडेसात लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरून तडजोड झाली. त्या वर्षी बुलडॉग्ज गुणतक्त्यात शेवटच्या क्रमांकावर गेले.

श्रोतेहो, येथे संघटनेच्या माणसापुढे खरा पेच उभा राहतो. आमचे निम्मे काम करार करण्याचे आणि उरलेले निम्मे ते पाळायला लावण्याचे. मालकाने सही केलेला करार मोडला तर आम्ही फाटकावर बसतो. मग कामगाराने मोडला तर टाळ्या वाजवायच्या काय? आणि टाळ्या वाजवायच्या नसतील, तर त्याला ओढून परत आणणाऱ्या मालकाच्या बाजूला उभे राहायचे काय?

आमचे उत्तर असे आहे. ऊसतोडीचा मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगाम सोडून गेला तर मुकादम त्याच्या मागावर माणसे पाठवतो. ते आम्ही कधीही मान्य केलेले नाही. उचल घेतली असेल तर ती पैशाचे देणे म्हणून फेडली जावी. माणूस गहाण पडत नाही. हाच न्याय सॉनी बिलला लावला पाहिजे. त्याने देणे होते ते दिले, आणि जगातल्या कोणत्याही कोर्टाने त्याला मैदानात उभे राहून अंग आदळायला भाग पाडू नये. त्याचा जाण्याचा हक्क आम्ही शंभर टक्के मान्य करतो. परंतु न सांगता जाणे आम्हाला पसंत नाही, आणि त्याचे कारण क्लबाचा तोटा हे नाही. मागे राहिलेले गडी हे त्याचे कारण आहे. चारजणांनी उचलायचे ओझे एकाने अध्ये सोडले, की वजन मालकाच्या खांद्यावर पडत नाही; ते उरलेल्या तिघांच्या खांद्यावर पडते. त्यांना आदल्या दिवशी सांगण्याइतके तरी देणे प्रत्येक कामगार लागतो. आणि साडेसात लाख डॉलर भरून मोकळे होणे हा मार्ग ज्याला तूलाँसारखे गिऱ्हाईक आहे त्यालाच खुला असतो. राखीव फळीतल्या गड्याला तो खुला नाही. ज्या पगारमर्यादेवर सॉनी बिलचा राग होता ती त्याच्या जाण्याने एका डॉलरनेही हलली नाही.

त्याची पुढची कारकीर्द तशी थक्क करणारी आहे. तूलाँच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला. २०१० मध्ये तेथे मिळणारा भरभक्कम पैसा सोडून तो न्यूझीलंडला परतला, कारण ऑल ब्लॅक्स या राष्ट्रीय संघाकडून खेळायचे होते. ज्याला पैशाचा लोभी म्हटले त्यानेच हे केले, याची नोंद टीकाकारांनी मोठ्या अक्षरांत केली नाही. २०११ आणि २०१५ चे विश्वचषक जिंकलेल्या संघांत तो होता. मधल्या काळात मुष्टियुद्धही खेळला. २०१३ साली सिडनीत लीगकडे परत आला, रूस्टर्सकडून खेळला आणि अंतिम सामन्यात मॅनलीवर २६-१८ असा विजय मिळवून पुन्हा विजेता झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात त्याच्या टाचेचा स्नायुबंध अर्धवट तुटला. एवढे यश पदरी असलेल्या माणसाचेही हत्यार एकच, त्याचे शरीर. आणि ते कोणत्या क्षणी मोडेल हे सांगता येत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये तो ऑकलंडच्या ब्ल्यूज संघाकडून मैदानात उतरला तेव्हा गणवेशाच्या कॉलरवर एका बँकेचे नाव होते. त्यावर त्याने चिकटपट्टी लावली. व्याज हे आपल्या धर्माला मान्य नाही, तेव्हा बँकेची जाहिरात अंगावर बाळगणार नाही, असे त्याचे म्हणणे. लोक म्हणाले, त्या बँकेच्या पैशातूनच याचा पगार होतो, मग हे सोवळे कशाला? आम्हाला ही टीका पटत नाही. कामगार आपले श्रम विकतो, श्रद्धा विकत नाही. गिरणीत काम केले म्हणून मालकाच्या देवाला नमस्कार करण्याची सक्ती होऊ शकत नाही. न्यूझीलंडच्या रग्बी मंडळाने त्याची हरकत मान्य केली, हे त्या मंडळालाही भूषणावह आहे. तरीही एक प्रश्न राहतो. हाच हट्ट पहिल्या हंगामातल्या, कोणाला नाव ठाऊक नसलेल्या पोराने धरला असता, तर त्याचे ऐकले गेले असते काय?

याचे उत्तर तीन वर्षांनी टोरंटोने दिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सॉनी बिलने कॅनडातील टोरंटो वुल्फपॅक या क्लबाशी दोन वर्षांचा मोठा करार केला. हा क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळत असे आणि नुकताच वरच्या श्रेणीत आला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सामने सुरू झाले, मार्चमध्ये करोनाच्या साथीने सगळे थांबले. जूनपासून खेळाडूंचे पगार थकले आणि २० जुलै रोजी क्लबाने हंगामातून अंग काढून घेतले. मोठा करार आणि लहान करार, दोन्ही कागद एका दिवसात सारखे झाले. परंतु माणसे सारखी झाली नाहीत. सॉनी बिलला रूस्टर्सने सिडनीत परत बोलावले. त्याचे जे सोबती घराचे हप्ते भरीत होते, परदेशी परवान्यावर राहत होते, ज्यांना दुसरा क्लब मिळत नव्हता, त्यांच्यासाठी सिडनीहून निरोप आला नाही. बंद पडलेल्या कारखान्यात आम्ही हेच पाहिले आहे. नाव असलेला कारागीर चार दिवसांत दुसरीकडे लागतो. हेल्पर मात्र फाटकाशी येत राहतो आणि थकलेल्या पगाराचे काय झाले ते विचारत राहतो.

मार्च २०२१ मध्ये सॉनी बिलने दोन्ही प्रकारच्या रग्बीतून निवृत्ती जाहीर केली. परंतु चिकटपट्टीची गोष्ट तेथे संपली नाही. ऑस्ट्रेलियातील लीगमध्ये आता जवळजवळ निम्मे खेळाडू प्रशांत महासागरातील बेटांच्या वंशाचे आहेत. या खेळाडूंची आपली संघटना आहे आणि सामुदायिक कराराच्या वाटाघाटी लांबल्या होत्या. जुलै २०२३ मध्ये खेळाडूंनी सामन्याच्या दिवशी वार्ताहरांशी बोलणे बंद केले. त्याने भागेना, तेव्हा गणवेशावरच्या लीगच्या बोधचिन्हावर त्यांनी चिकटपट्ट्या लावल्या. या वेळी पट्टी एकट्याने लावली नव्हती. लाखो डॉलर घेणाऱ्यानेही लावली आणि पहिल्या हंगामातल्या पोरानेही लावली. सामने बंद पडले नाहीत, प्रेक्षकांचे नुकसान झाले नाही. आणि ऑगस्ट महिन्यात करार झाला. खेळ सोडल्यानंतरच्या औषधोपचाराची तरतूद त्यात आली, आणि बायकांच्या स्पर्धेतील खेळाडू प्रथमच सामुदायिक कराराखाली आल्या. सॉनी बिलची धाकटी बहीण नियाल, जिने रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले होते, ती त्याच वर्षी बायकांच्या लीगमध्ये खेळू लागली होती. भावाला जे एकट्याच्या ताकदीवर मिळवावे लागले, त्यातले काही बहिणीला कराराच्या कलमाने मिळाले.

सॉनी बिलला लहान दाखवावे म्हणून आम्ही हे सांगत नाही. असा खेळाडू युगातून एखादाच होतो, आणि एखाद्याने पहिल्यांदा मान ताठ केल्याशिवाय इतरांना मान ताठ करता येते हे कळत नाही. डेनिसचेही तेच होते. फरक एवढाच, की डेनिसने मिळवलेला निकाल सगळ्यांच्या उपयोगी पडला, आणि सॉनी बिलचे विमान त्याच्या एकट्याच्या उपयोगी पडले. दोघेही धैर्याचे, परंतु आमच्या वहीत या दोन धैर्यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत होते.

शेवटी आपल्या अंगणाकडे पाहू. २०१४ पासून आपल्याकडे कबड्डीची व्यावसायिक लीग आहे. आमच्या गिरणगावच्या मातीत वाढलेला हा खेळ आज दिव्यांच्या झगमगाटात खेळला जातो आणि गावाकडच्या मुलाला त्यात चार पैसे मिळतात, याचा आम्हाला आनंद आहे. तेथे खेळाडू लिलावातून संघांत जातात. ज्याची बोली चढेल त्याच्याकडे. ऑस्ट्रेलियातल्या लीगनेही १९९० च्या सुमारास करार संपलेल्या खेळाडूंची क्लबांत वाटणी करण्याची पद्धत आणली होती. टेरी हिल नावाच्या खेळाडूला वेस्टर्न सबर्ब्ज क्लबाकडे जायचे होते आणि वाटणीत तो ईस्टर्न सबर्ब्जच्या पदरी पडला. खेळाडू एकत्र होऊन कोर्टात गेले आणि १९९१ साली फेडरल कोर्टाने ती पद्धत रद्द ठरवली. आपल्याकडे काय करावे हे आपल्या खेळाडूंनीच ठरवायचे आहे. परंतु आपल्या घरातला, आळीतला एखादा मुलगा किंवा मुलगी असा कागद सही करायला निघाली, तर रकमेचा आकडा वाचून झाल्यावर तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. गुडघा मोडला तर औषधपाणी कोण करील आणि किती दिवस? संघ बुडाला तर थकलेला पगार कोणाकडे मागायचा? आणि मुदत संपली की आपण आपल्या मर्जीने दुसरीकडे जाऊ शकू काय? या तीन प्रश्नांची उत्तरे एकट्या पोराला कोणी देत नसेल, तर संघातल्या सगळ्यांनी मिळून विचारावीत. यॉर्कशायरच्या क्लबांनी खाड्याची भरपाई मागितली ती अशीच, एकत्र बसून.